वरच्या दाढेसाठी पंधरा दिवसांत चार एक्स-रे, आता सीबीसीटीही: हे सगळे आवश्यक आहे का?

राजारामपुरीकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वय 44 असून मी कोल्हापुरात राजारामपुरी भागात राहते. माझ्या वरच्या डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचे सहा वर्षांपूर्वी रूट कॅनाल झाले होते आणि तिच्यावर धातूची कॅप आहे. गेल्या महिन्यात माहेरी शेतावर गेले असताना उसाचे कांडे दातांनी सोलण्याचा मोह झाला, त्या दाढेत कळ आली, आणि तेव्हापासून त्या बाजूने चावले की ती दुखते. एरवी ठणका नाही, सूजही नाही.

ज्या दवाखान्यात मी प्रथम गेले तिथे तोंडात छोटा सेन्सर ठेवून तीन डिजिटल एक्स-रे काढण्यात आले. पहिल्यात मुळांची टोके कापली गेली होती, दुसऱ्यात शेजारचीच दाढ मधोमध आली, आणि तिसरा पाहून "विशेष काही दिसत नाही, गोळ्या घ्या" असे सांगण्यात आले. तिन्ही वेळा सेन्सर मला माझ्याच बोटाने टाळूकडे दाबून धरायला लावला होता. एक्स-रेची प्रत मागितली, तेव्हा संगणकाच्या पडद्याचा मोबाईलने काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. त्यात माझ्या दाढेपेक्षा छताच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब अधिक स्पष्ट दिसते. दुखणे थांबले नाही म्हणून मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो फोटो बाजूला ठेवून ओपीजी (दोन्ही जबड्यांचा बाहेरून काढलेला एकच मोठा एक्स-रे) काढून आणायला सांगितले. तो पाहून त्यांनी मुळांच्या वर "काहीतरी पुसट" असल्याचे म्हटले आणि आता त्या एका दाढेपुरता सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, सुचवला आहे.

माझी शंका अशी की, इतक्या थोड्या दिवसांत इतक्या वेळा किरण घेणे सुरक्षित आहे का? डिजिटल एक्स-रे जर अधिक चांगला म्हणतात, तर तीन काढूनही दाढेत काय आहे ते का कळले नाही? आणि ओपीजीमध्ये सगळे दात दिसत असताना आणखी स्कॅन कशासाठी? जाता जाता आणखी एक विचारते. माझ्या 12 वर्षांच्या मुलीला दातांना तारा बसवायच्या आहेत आणि तिच्यासाठीही दोन एक्स-रे सांगितले आहेत. तिच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते.

दंतवैद्य_शाहूपुरी

ताई, मी गेली एकवीस वर्षे कोल्हापुरात दंतवैद्यक करतो. तुमची दाढ मी पाहिलेली नाही, त्यामुळे निदान करणार नाही; मात्र तुम्ही विचारलेल्या गोष्टींबद्दल सविस्तर लिहितो.

किरणांच्या मात्रेपासून सुरुवात करू, कारण भीती तिथेच असते. तोंडात सेन्सर ठेवून काढलेल्या एका एक्स-रेची मात्रा साधारणपणे 5 मायक्रोसिव्हर्टच्या (शरीराला मिळणारी किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) आसपास किंवा त्याहून कमी असते. ओपीजीची बहुतेक वेळा 10 ते 25 च्या दरम्यान असते. एका-दोन दाढांपुरत्या लहान क्षेत्राच्या सीबीसीटीची मात्रा यंत्र आणि मांडणी यांनुसार 20 पासून 100 च्या पुढेही जाऊ शकते. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांतून येणारे नैसर्गिक प्रारण जगाच्या सरासरीने प्रत्येक माणसाला वर्षाला सुमारे 2400 मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहाच्या आसपास मिळते. तुमचे तीन छोटे एक्स-रे आणि ओपीजी मिळून पाच-सहा दिवसांच्या नैसर्गिक प्रारणाइतके झाले. स्कॅन काढला तर त्यात आणखी काही दिवसांची, फार तर दोन-तीन आठवड्यांची भर पडेल. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु मात्रा अल्प आहे म्हणून वाया गेलेल्या एक्स-रेचे समर्थन होत नाही, आणि तुमच्या तिनांपैकी निदान दोन वाया गेले, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

डिजिटल म्हणजे किरण वेगळे, असा अनेकांचा समज असतो. किरण तेच असतात. बदलतो तो ते टिपणारा पडदा. पूर्वी चांदीच्या क्षारांचा लेप दिलेली फिल्म असे. आता सेन्सरमध्ये किरणांचे प्रकाशात रूपांतर करणारा एक थर आणि त्या प्रकाशाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारी चिप असते. जुन्या मंद फिल्मच्या मानाने सेन्सरला निम्म्या किंवा त्याहूनही कमी किरणांत काम भागते आणि दोन-चार सेकंदांत चित्र पडद्यावर येते. आम्ही सगळे ज्याला "आरव्हीजी काढा" म्हणतो, ते मुळात 1987 साली फ्रान्समध्ये बाजारात आलेल्या अशा पहिल्या यंत्राचे व्यापारी नाव. वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणू लागलो, तसेच हे झाले.

या वेगाची एक दुसरी बाजूही आहे, आणि माझ्या व्यवसायबंधूंना ती आवडणार नाही. फिल्म धुवायला पाच-सात मिनिटे लागत, चुकली तर पुन्हा तेवढीच, त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी कोन दोनदा पाहिला जाई. सेन्सरने चूक स्वस्त करून टाकली. "नाही आला? पुन्हा घेऊ" हे वाक्य आता इतके सहज येते की, फिल्मच्या तुलनेत वाचलेले किरण दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात खर्ची पडतात. सेन्सर बोटाने धरायला लावणे हे त्यामागचे सर्वांत सामान्य कारण आहे. बोटाच्या दाबाने तो तिरका होतो, मुळे लांबट किंवा आखूड दिसतात, टोके कापली जातात. शिवाय बोटावर नाहक किरण पडतात. त्यासाठी प्लास्टिकचा धारक मिळतो. तो रुग्णाने दातांत चावून धरायचा असतो, त्यामुळे सेन्सर दाताला समांतर राहतो, आणि त्याला जोडलेल्या कड्यामुळे किरण सोडणारी नळी नेमकी कुठे लावायची ते कळते. वरच्या दाढांना, विशेषतः टाळू उथळ असेल तर, धारक लावणे कटकटीचे असते हे खरे. पण कटकटीचे असते एवढेच.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. तिसरा एक्स-रे बरा आला असेल, तरी त्यात काही न दिसणे म्हणजे काही नसणे नव्हे. एक्स-रे ही सावली आहे. मुळाच्या टोकाभोवतीचे हाड आतून झिजू लागले तरी बाहेरचा कठीण थर शाबूत असेपर्यंत सावलीत फरक जवळजवळ दिसत नाही; किडीच्या बाबतीतही दाताच्या त्या भागातील खनिजे तीस-चाळीस टक्के कमी झाल्यावरच डाग उमटतो. त्यात वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळे असतात, त्यांच्यावर गालाच्या हाडाची सावली पडते, आणि लगेच वर सायनसची पोकळी असते. या गर्दीत एक मूळ दुसऱ्याच्या मागे लपते.

तुम्ही खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात गेला असाल. एका ठिकाणी उभे राहिले की मागचा खांब पुढच्या खांबाच्या पूर्ण आड जातो, आणि एक पाऊल बाजूला सरकले की तो बाहेर येतो. आम्हीही तेच करतो. नळी थोडी पुढे-मागे सरकवून दुसरा एक्स-रे घेतला, तर दोन चित्रांत मुळे एकमेकांपासून सुटी होतात, आणि जे मूळ नळीच्या दिशेनेच सरकल्यासारखे दिसते ते टाळूच्या बाजूचे, हे त्यावरून ओळखता येते. असा मुद्दाम कोन बदलून घेतलेला दुसरा एक्स-रे आणि पहिला फसला म्हणून घेतलेला दुसरा एक्स-रे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बिलावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात.

एवढे करूनही या दाढेच्या बाबतीत एक गोष्ट निसटते. तिच्या गालाकडील पुढच्या मुळात बहुधा एक नव्हे तर दोन नलिका, म्हणजे नसेच्या पोकळ वाटा, असतात. ही चौथी नलिका निम्म्याहून अधिक लोकांत आढळते, ती बारीक असते, आणि जुन्या रूट कॅनालमध्ये ती सापडलीच नाही असे पुष्कळदा घडते. ओपीजीत ती दिसण्याची आशा ठेवू नये. ओपीजी हा दोन्ही जबड्यांचा नकाशा आहे. अक्कलदाढा कशा बसल्या आहेत, हाडात गाठ आहे का, मुलांचे कोणते दात उगवायचे राहिले आहेत, यासाठी तो उत्तम. एका मुळातील नलिका पाहायला तो पुरेसा बारकावा देत नाही. एकदा रूट कॅनाल झालेली दाढ पुन्हा दुखू लागली असता, ती उघडण्यापूर्वी लहान क्षेत्राचा सीबीसीटी सुचवणे ही योग्य पद्धत आहे. फक्त दोन गोष्टी विचारा: क्षेत्र त्या दाढेपुरते ठेवणार आहेत का, आणि संपूर्ण स्कॅनची डायकॉम (मूळ, सगळा तपशील असलेली) फाईल पेनड्राइव्हवर देणार आहेत का. कॅप धातूची आहे, त्यामुळे स्कॅनमध्ये तिच्याभोवती पांढऱ्या-काळ्या रेघा उमटतील. त्या रेघा कधीकधी दाढ तडकल्याचा भास निर्माण करतात, म्हणून अहवालात "तडा" हा शब्द आला तरी लगेच दाढ काढायला तयार होऊ नका.

मुलीबद्दल थोडक्यात सांगतो. तारांपूर्वी एक ओपीजी आणि डोक्याचा बाजूने काढलेला एक एक्स-रे ही सर्वसाधारण व रास्त मागणी आहे. मुलांच्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात, त्यामुळे यंत्र मुलांच्या मात्रेवर लावले आहे ना, एवढे तिथे आवर्जून विचारा, आणि त्या दोन्हींच्या फाईल जपून ठेवा. उपचारांच्या मध्येच डॉक्टर बदलावा लागला तर त्या पुन्हा काढाव्या लागू नयेत.

गडहिंग्लजवाला

डॉक्टरसाहेब, आपण सविस्तर लिहिले त्याबद्दल आभार, परंतु सामान्य माणसाचा अनुभव निराळा आहे. पूर्वी डॉक्टर आरसा आणि टोकदार सळई घेऊन दात तपासत आणि सांगत. आता खुर्चीत बसताक्षणी एक्स-रे होतो, आणि यंत्राचे हप्ते रुग्णांकडून वसूल होत आहेत असे वाटू लागते. दर सहा महिन्यांनी "रुटीन" म्हणून एक्स-रे काढणे हे कोणत्या नियमात बसते?

दंतवैद्य_शाहूपुरी

कोणत्याही नियमात बसत नाही. तपासणीआधीच एक्स-रे ही पद्धत चूक आहे, हे मी आपल्याइतक्याच ठामपणे म्हणेन. ज्या प्रौढ व्यक्तीला नवी कीड नाही आणि धोकाही कमी आहे, तिला दातांच्या फटींतील कीड पाहण्याचे एक्स-रे दोन ते तीन वर्षांतून एकदा पुरतात, असे अमेरिकेतील दंतवैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. वारंवार किडणारे दात असतील तर मात्र अंतर सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत येते. म्हणजे कालावधी कॅलेंडर पाहून नव्हे तर तोंड पाहून ठरतो. "या एक्स-रेमुळे तुमचा कोणता निर्णय बदलणार आहे?" असे आपण अवश्य विचारावे. मला हा प्रश्न वर्षातून दोन-चार रुग्णच विचारतात, आणि खरे सांगायचे तर त्यांपैकी एकदा तरी मी हातातला सेन्सर खाली ठेवलेला आहे.

उलट बाजूचीही नोंद व्हावी. दोन दाढांच्या मधल्या फटीतील कीड आरशाने दिसत नाही. ती वरून दिसू लागते तोवर बऱ्याचदा भरणीची वेळ टळून रूट कॅनालची वेळ आलेली असते. "पूर्वी सळईने कळत असे" यात जे कळत नसे त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

निवृत्त_तंत्रज्ञ

मी जिल्ह्यातील एका रुग्णालयात एक्स-रे विभागात तीस वर्षांहून अधिक काळ काम करून निवृत्त झालो. दातांच्या फिल्मही आमच्याकडेच धुतल्या जात, म्हणून दोन शब्द लिहितो.

दातांची फिल्म ही सुमारे 31 बाय 41 मिलिमीटरची, पाकिटात बंद आणि मागे शिशाचा पातळ पत्रा असलेली असे. लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत पाकीट फोडून ती चिमट्याला लावायची, डेव्हलपरमध्ये बुडवायची, पाण्यात धुवायची, मग फिक्सरमध्ये टाकायची. मे महिन्यात रसायन तापले की फिल्म काळी पडे आणि जानेवारीत थंड झाले की फिकी येई. ऋतू पाहून मिनिटे बदलण्याचा अंदाज हातातच असावा लागे. निम्म्या वेळा एक्स-रे "चुकला" म्हणत तो काढताना चुकलेला नसून धुताना बिघडलेला असे, आणि बोलणी मात्र रुग्णाला बसत: "हललात का?" डिजिटलने हा अंधारखोलीतील दोष कायमचा संपवला. माझ्या मते हा लाभ किरण कमी लागण्याहूनही मोठा आहे.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरते, हे अनेकांना ठाऊक नसेल. आमच्याकडे एक गृहस्थ नेमाने कॅन घेऊन येत आणि ते पाणी विकत नेत. हुपरीसारखे चांदीच्या पैंजणांचे गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे हे कोणाला नवल वाटले नाही, पण चांदी काढून घेतल्यावर उरलेले रसायन कोणत्या गटारात जात होते, हा प्रश्न तेव्हा आम्ही कोणी विचारला नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत हे द्रावण घातक रासायनिक कचऱ्यात मोडते. सेन्सरमुळे ती कटकटही गेली.

शिशाच्या एप्रनविषयी कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. आम्हाला एप्रनाशिवाय एक्स-रे म्हणजे गुन्हा असे शिकवलेले होते. परंतु फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने दातांच्या एक्स-रेसाठी पोटावरचा एप्रन आणि गळ्याचा पट्टा यांची आता गरज नाही, अशी शिफारस केली. आधुनिक यंत्रांत किरणांचा झोत नेमका असतो, आणि चौकोनी तोंडाची नळी वापरली की तो सेन्सरच्या आकाराबाहेर फारसा जातच नाही, असा त्यामागचा विचार आहे; उलट गळ्याचा पट्टा ओपीजीच्या मध्ये आला की एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. आपल्याकडे दवाखान्यांत एप्रन दिला जातो, आणि द्यावा. विशेषतः गरोदर स्त्रीच्या मनाला त्याने धीर येतो. मात्र एप्रन घातला म्हणून काम काळजीपूर्वक झाले असे समजू नये. गोल नळी, बोटाने धरलेला सेन्सर आणि अंगावर एप्रन, असा थाट मी अनेक ठिकाणी पाहिला आहे.

बोटाच्या गोष्टीवरून आठवले. रॉन्टगेन यांनी 1895 च्या नोव्हेंबरात हे किरण शोधले आणि 1896 च्या जानेवारीतच जर्मनीतील ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा पहिला एक्स-रे घेतला. त्यासाठी ते 25 मिनिटे स्थिर राहिले होते. त्याच काळात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यंत्र जुळवण्यासाठी रोज स्वतःचा हात किरणांपुढे धरीत. पुढे कर्करोगाने त्यांची बोटे गेली आणि मग हातही. रुग्णाचे एखाद्या वेळचे बोट आणि त्यांचा रोजचा हात यांची तुलना होऊ शकत नाही, हे मान्य. पण दवाखान्यातील मदतनीस मुलगी दिवसातून दहा वेळा लहान मुलांच्या तोंडात सेन्सर धरून उभी राहते, तेव्हा मला केल्स आठवतात. तिने खोलीबाहेर, किंवा निदान सहा फूट लांब आणि झोताच्या वाटेत न येता बाजूला उभे राहिले पाहिजे. यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीत नोंदलेले असणे बंधनकारक आहे, आणि त्याचा कागद दवाखान्यात पाहायला मागणे यात उद्धटपणा काहीच नाही.

इचलकरंजीकर

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. पंधरा वर्षे सुपारी आणि गुटखा खाल्ल्याने माझे तोंड दीड बोटापेक्षा अधिक उघडत नाही. डॉक्टर त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. खालची दाढ दुखत असताना पाच-सहा मिलिमीटर जाडीचा आणि मागे वायर असलेला सेन्सर आत जाईना, ओढाताणीत ओठाचा कोपरा फाटला आणि उबळ आली ती निराळीच. अखेर बाहेरून ओपीजी काढला. त्यात दाढ समजली, परंतु पुढचे दात मणक्याच्या सावलीमुळे धूसर आले. नंतर न्यू पारगावच्या दंत महाविद्यालयात दाखवले असता तिथे पातळ, किंचित वाकणारी फॉस्फरची पट्टी वापरण्यात आली. ती फिल्मसारखीच तोंडात ठेवतात आणि नंतर यंत्रात घालून लेझरने वाचतात. चित्र यायला थोडा वेळ लागतो, पण ती माझ्या तोंडात गेली, हे माझ्यासाठी पुरेसे होते. ज्यांच्या घरी तंबाखू किंवा मिश्रीची सवय असलेली वडीलधारी माणसे आहेत त्यांनी हा पर्याय विचारून पाहावा.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहीत आहे, कारण मधल्या काळात स्कॅन झाला आणि दाढही उघडली गेली.

स्कॅनच्या केंद्रात मी क्षेत्राबद्दल विचारले, तेव्हा तिथल्या मुलाने थोडे आश्चर्याने माझ्याकडे पाहिले आणि चिठ्ठी पुन्हा वाचून दोन्ही जबड्यांऐवजी डाव्या वरच्या भागापुरती मांडणी केली. चिठ्ठीवर डॉक्टरांनी तसेच लिहिलेले होते; विचारले नसते तर सगळा जबडा निघाला असता. अहवालात गालाकडील पुढच्या मुळात न भरलेली दुसरी नलिका आणि तिच्या टोकाशी छोटी काळी पोकळी असल्याचे आले. "तडा नाकारता येत नाही" असेही वाक्य होते. ते मी डॉक्टरांना दाखवले, तेव्हा त्यांनी पडद्यावर तिरप्या रेघा दाखवल्या, की त्या सगळ्या कॅपपासूनच निघत होत्या. कॅप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तडा नव्हता. उपचारांच्या दरम्यान त्यांनी दोन वेळा एक्स-रे घेतला, दोन्ही वेळा धारक वापरला, आणि दोन्ही पहिल्या प्रयत्नात आले. दाढेत औषध भरून ठेवले आहे, चावताना आता दुखत नाही, पुढची भेट पंधरवड्याने आहे.

पहिल्या दवाखान्यात मी पुन्हा गेले आणि मूळ फाईल मागितली. स्वागतकक्षातील मुलीने "सॉफ्टवेअरमधून बाहेर काढता येते का ते पाहते" असे म्हणून दहा मिनिटांत तिन्ही चित्रे मेलवर पाठवली. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच झाली तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत, नाहीतर बारकावे जातात, हे नव्या डॉक्टरांनी मला सांगितले होते. ते मी तिला सांगितले, आणि तिने ते काउंटरवरच्या वहीत लिहून घेतले. नव्या डॉक्टरांनी तिसरे चित्र मोठे करून पाहिले. नलिका त्यातही दिसत नव्हती.

मुलीचे दोन्ही एक्स-रे शनिवारी आहेत. निवृत्त तंत्रज्ञकाका, गळ्याचा पट्टा ओपीजीच्या वेळी काढतात, मग बाजूच्या एक्स-रेला घालायला सांगू का?

निवृत्त_तंत्रज्ञ

बाजूच्या एक्स-रेत मानेचे मणके पाहून मुलीची वाढ किती शिल्लक आहे ते ठरवतात. पट्ट्याने नेमके तेच मणके झाकले जातील. तुमच्या डॉक्टरांना मणके पाहायचे आहेत का, ते आधी विचारा, आणि नको असतील तर पट्टा खुशाल घालू द्या. कानातली आणि केसांच्या पिना मात्र घरीच काढून ठेवा, तिथे काढायला विसरले की पुन्हा एक एक्स-रे.